पाटल्या म्हणजे बाकं नव्हेत: मराठी कादंबरी वाचायला लागायचं कसं

दिवाळीत माझा मामेभाऊ चिनू मला म्हणाला, "ताई, मला मराठी बोलता येतं ना, मग वाचताना एवढी दमछाक का होते?" तो सातवीत आहे, अलकापुरीत राहतो, इंग्लिश मीडियम. मी नववीत, दांडिया बाजारात, मीडियम तेच. तीन वर्षांपूर्वी माझीही हीच रड होती. त्याला जे तोंडी सांगितलं तेच इथे लिहितेय. बडोद्यातल्या ज्या घरात आजी मराठीत रागावते आणि नातवंडं गुजरातीत भांडतात, त्या सगळ्या घरांसाठी.

अक्षरं येत नाहीत ही सबब चालणार नाही. हिंदीमुळे देवनागरी येतेच. घोळ होतो तो हिंदीच्याच सवयीमुळे. 'चार'मधला च आणि 'चाक'मधला च मराठीत वेगळे. 'जेवण'चा ज आणि 'जर'चा ज वेगळे. लिहायला मात्र एकच अक्षर. बोलताना आपण कधी चुकत नाही, पण छापलेलं दिसलं की जीभ हिंदीत जाते आणि ओळखीचा शब्दच अनोळखी वाटायला लागतो. म्हणून पहिलं पुस्तक डोळ्यांनी नाही, कानांनी वाचायचं.

आमच्याकडे ते झोपाळ्यावर झालं. आजी शेजारी, पुस्तक अर्धं तिच्या मांडीवर, अर्धं माझ्या. एक पान ती वाचणार, मी नुसतं ओळींवरून बोट फिरवणार. पुढचं पान मी. माझी पाळी आली की झोपाळा थांबवायचा, नाहीतर ओळी उड्या मारतात. (आजीला चालत्या झोपाळ्यावर वाचता येतं. साठ वर्षांची सवय आहे, तिच्याशी बरोबरी करू नका.) पहिले दोन दिवस ती शब्दाशब्दाला टोकायची. तिसऱ्या दिवशी मी पुस्तक मिटून आत निघून गेले. मग तह झाला: अर्थ बदलत असेल तरच टोकायचं, उच्चार पान संपल्यावर सांगायचे. हा तह आधीच करून घ्या. आजी-आजोबा प्रेमळ असतात, पण ऱ्हस्व-दीर्घ दिसलं की त्यांना राहवत नाही.

आजी जवळ नसेल तर फोनवरची चालते. चिनूची आजी पुण्याला असते. रोज रात्री दहा मिनिटं, दोघांकडे एकच पुस्तक.

आता पाटल्या. एका जुन्या गोष्टीत वाक्य होतं की आईने पाटल्या मोडून फी भरली. मला वाटलं, वर्गातली बाकं मोडली म्हणून दंड भरावा लागला! गुजराती शाळेत पाटली म्हणजे बाक, तुम्हाला माहीतच आहे. पुढची दोन पानं मी त्या बाईवर चिडून वाचली. आजीला सांगितलं तेव्हा तिने हातातली जाड सोन्याची बांगडी पुढे केली. ही पाटली. आणि सोनं मोडणं म्हणजे विकणं. मी पानं उलटून परत पहिल्यापासून वाचलं, आणि या वेळी रडले.

तेव्हापासून वहीच्या शेवटच्या पानावर मी फक्त असे फसवे शब्द लिहिते, गुजरातीत एक आणि मराठीत भलतंच. 'वात' दुसरा. तिकडे ती बोलायची असते, इकडे समईत जळते. बाकी अनोळखी शब्दांसाठी थांबू नका. 'माजघर' मला कळलं नव्हतं, पण सगळे तिथेच बसून बोलतात म्हटल्यावर घरातली मधली खोली असणार, एवढं समजलंच. प्रत्येक शब्दाला शब्दकोश उघडणारा चाळिसाव्या पानापुढे जात नाही. मी करून बघितलंय.

पुस्तक निवडताना पहिलं पान वाचू नका. पहिलं पान लेखकाने खूप घासून-पुसून ठेवलेलं असतं. मधलं कुठलंही उघडा आणि मोठ्याने वाचा. दोन माणसं बोलत असतील आणि कोण काय बोललं ते नावं न बघता कळत असेल, तर घ्या. पानभर नुसता सूर्यास्त असेल तर ठेवून द्या. सूर्यास्त वाचायला अजून आयुष्य पडलंय.

सुरुवात फास्टर फेणेने करा. फुरसुंगीचा बनेश फेणे, सायकल, आणि तोंडातून निघणारा तो 'ट्टॉक्'. वाक्यं छोटी, धावपळ भरपूर. कुठलंही पुस्तक आधी घेतलंत तरी अडत नाही. लेखक भा. रा. भागवत यांचा जन्म १९१० चा, इंदूरचा. म्हणजे महाराष्ट्राबाहेर जन्मलेला माणूस मराठीत एवढं लिहू शकतो, तर आपण बडोद्यात बसून निदान वाचू शकतो.

दुसरा लंपन, प्रकाश नारायण संतांचा. 'वनवास'पासून धरा. हा आजी-आजोबांकडे राहतो, तिकडे कर्नाटकच्या बाजूला, आणि त्याच्या मराठीत कानडी मिसळलेलं असतं. माझं मत विचाराल तर आपल्यासारख्यांसाठी याच्याइतकं जवळचं पुस्तक नाही. पुण्याच्या मावसबहिणी माझ्या "दरवाजा बंध कर" ला हसतात. लंपनचं मराठीही त्यांच्यासारखं नाही, आणि त्याच्यावर चार पुस्तकं झाली. पण घाई करू नका. त्यात घडतं कमी, मनात चालतं जास्त. सहावीत मी ते कंटाळून टाकलं होतं, आठवीत तेच दोनदा वाचलं. टाकलेल्या पुस्तकावर तारीख घाला आणि दोन वर्षांनी परत उघडा.

'श्यामची आई'बद्दल सांगते, मोठ्यांनी रागावू नये. माझ्याकडे तिच्या तीन प्रती आहेत, तिन्ही वाढदिवसाच्या. भेट देताना प्रत्येकजण म्हणतो, "बघ, श्याम कसा होता." असं म्हटलं की पुस्तकाचं औषध होतं. साने गुरुजींनी ती १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिली. श्याम रोज रात्री मित्रांना एकेक आठवण सांगतो, म्हणून प्रकरणांना नावच 'रात्र' आहे, एकूण बेचाळीस. तर तसंच वाचा ना, एका रात्री एक. मी एका रविवारी बारा रात्री संपवल्या आणि डोकं दुखलं. रोज एक वाचायला लागल्यावर श्याम मला आदर्श वगैरे वाटला नाही, हट्टी वाटला. तेव्हाच आवडला.

पुस्तकं मिळतात कुठे? मांडवीजवळची सेंट्रल लायब्ररी. सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये बॉर्डन नावाचे ग्रंथपाल थेट अमेरिकेहून बोलावले आणि राज्यभर फुकट वाचनालयं काढली. खेड्यांत पुस्तकांच्या पेट्या फिरायच्या. तिथल्या पोलादी रॅकच्या मजल्यांना जाड काचेची जमीन आहे, उजेड खालपर्यंत पोचावा म्हणून. आजोबांनी मला पहिल्यांदा नेलं तेव्हा मी पुस्तकांपेक्षा डोक्यावरच्या चपलांच्या सावल्याच जास्त बघितल्या.

जुनी पुस्तकं घेतलीत तर 'नांव', 'कांहीं', 'घरांत' असे जागोजाग टिंब दिसतील. घाबरू नका, ते उच्चारायचे नसतात. १९६२ च्या शुद्धलेखनाच्या नियमांनी ते गेले, पुस्तकं त्याआधीची आहेत. मी पहिल्यांदा सगळे नाकात वाचले होते. आजीला वाटलं मला सर्दी झाली.

वाचनाची वही मात्र ठेवू नका. शाळेत आम्हाला ठेवायला लावली होती: नाव, लेखक, पानं, तात्पर्य. मी तात्पर्य आधी लिहायचे आणि पुस्तक नंतर शोधायचे. 'प्रामाणिकपणा' चार पुस्तकांना चालला.

आणि थेपले खाताना वाचू नका. वाचणारच असाल तर लोणचं लांब ठेवा. माझ्या हातून लायब्ररीच्या पुस्तकावर लोणच्याचं तेल सांडलं होतं. पुसायचं नाही, पसरतं. वर टाल्कम पावडर टाकायची, कागद ठेवायचा, त्यावर वजन, आणि रात्रभर सोडून द्यायचं. डाग पूर्ण जात नाही. परत करताना आपणहून दाखवला तर काउंटरवरच्या काकू फक्त चष्म्यावरून बघतात.

चिनू सध्या फास्टर फेणेच्या तिसऱ्या पुस्तकात आहे. काल त्याचा मेसेज आला: "ताई, ट्रंक कॉल म्हणजे पेटीतून फोन?" मी उत्तर दिलेलं नाही. आजीला विचार म्हटलंय.