जर्मनीत नव्यानं येताय? आधी २०२४ साल समजून घ्या

नव्यानं आलेल्या मंडळींचे प्रश्न ठरलेले असतात. घर कसं शोधायचं, आनमेल्डुंगची, म्हणजे पत्त्याच्या सरकारी नोंदणीची, वेळ कशी मिळवायची, तूरडाळ कुठे मिळते. त्याची उत्तरं तुमच्या शहरातल्या मराठी व्हॉट्सॲप ग्रुपवर तासाभरात मिळतील. मला सांगायचंय ते वेगळं आहे. २०२४ या एका वर्षात इथे इतकं काही बदललं की त्याआधी आलेल्या आम्हा जुन्या लोकांचे बरेच सल्ले आता कालबाह्य झालेत. नागरिकत्व, व्हिसा, सरहद्दीवरची तपासणी, घरखर्च, विम्याचा हप्ता, सगळीकडे त्या वर्षाच्या खुणा आहेत. ऑफिसात जेवणाच्या टेबलावर निघणारे निम्मे विषयही तिथलेच. तेव्हा कुणी अनुभवी माणूस काही सांगू लागला की पहिला प्रश्न विचारा: हे कधीचं? मलाही विचारा.

सर्वांत मोठी गोष्ट नागरिकत्वाची. नवा कायदा २७ जून २०२४ ला लागू झाला. आधी आठ वर्षांचं वास्तव्य लागायचं, ते पाचवर आलं. मूळ देशाचं नागरिकत्व सोडण्याची अटही गेली. त्या दिवशी आपल्या ग्रुपवर फक्त पेढे वाटायचे बाकी होते. पण नीट समजून घ्या: अट जर्मनीनं काढली, भारतानं नाही. आपला कायदा दुहेरी नागरिकत्व मानत नाही. जर्मन नागरिक झालात की भारतीय पासपोर्ट वकिलातीकडे रीतसर जमा करायचा आणि मग ओसीआय कार्डासाठी, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळणाऱ्या कार्डासाठी, अर्ज करायचा. ओसीआयवर भारतात येणं-जाणं, राहणं होतं; मतदान होत नाही आणि शेतजमीन विकत घेता येत नाही. वारसानं आलेली जमीन ठेवता येते, पण शेजारचा तुकडा घ्यायचा बेत असेल तर तो आधीच उरका. सातबाऱ्यावर ज्यांचं नाव आहे किंवा लागणार आहे, त्यांनी अर्ज भरण्यापूर्वी घरच्यांशी बोलून घ्यावं. इथे कुणी अधिकारी तुम्हाला याची आठवण करून देणार नाही.

बाकी अटी सोप्या शब्दांत: बी१, म्हणजे मध्यम पातळीची जर्मन, स्वतःच्या कमाईवर घर चालणं आणि ३३ प्रश्नांची नागरिकत्व परीक्षा, जिच्यात १७ उत्तरं बरोबर आली की झालं. फी प्रौढांना २५५ युरो. त्याच कायद्यात भाषा उत्तम असलेल्यांसाठी तीन वर्षांचा जलद मार्गही होता. जुन्या व्हिडिओंत त्याची अजून जोरात जाहिरात दिसते, पण पुढच्या सरकारनं तो २०२५ च्या ऑक्टोबरात बंद केला. पाच वर्षं धरूनच हिशेब करा.

दुसरा बदल १ जून २०२४ चा, शान्सनकार्टे. हातात नोकरी नसताना इथे येऊन वर्षभर ती शोधण्याची मुभा देणारं हे कार्ड. शिक्षण, अनुभव, वय, भाषा यांना गुण मिळतात आणि किमान सहा लागतात. नोकरी शोधताना आठवड्याला २० तास काम करता येतं. भाषेची किमान अट ए१, म्हणजे अगदी प्राथमिक जर्मन किंवा बी२, म्हणजे बी१ च्या वरच्या पातळीची इंग्रजी. इथेच गोम आहे. बी२ इंग्रजीवर कार्ड मिळतं, नोकरी क्वचित मिळते. भारतातले एजंट ही दोन वाक्यं कधी एकत्र म्हणत नाहीत. माझ्या मते बी१ जर्मन झाल्याशिवाय हे कार्ड काढून येणं म्हणजे स्वतःच्या पैशानं वर्षभर थंडी बघणं.

२०२४ च्याच ऑक्टोबरात तेव्हाचे चॅन्सेलर शोल्त्झ मंत्र्यांना घेऊन दिल्लीत आले आणि कुशल भारतीयांसाठी वर्षाला २० हजारांऐवजी ९० हजार व्हिसा द्यायची घोषणा झाली. आपल्याकडे ती ‘जर्मनीत ९० हजार नोकऱ्या’ अशी पोचली. आकडा व्हिसांचा होता. नोकऱ्यांचं चित्र त्याच वर्षी उलट दिशेनं चाललं होतं. अर्थव्यवस्था सलग दुसऱ्या वर्षी आक्रसली. सप्टेंबरात फोक्सवॅगननं जर्मनीतले कारखाने बंद करण्याची शक्यता बोलून दाखवली आणि सगळा देश हादरला. डिसेंबरात कामगार संघटनेशी तडजोड झाली तेव्हा कारखाने लगेच बंद करायचे नाहीत, पण २०३० पर्यंत ३५ हजारांहून जास्त पदं कमी करायची असं ठरलं. इंटेलनं माग्डेबुर्गचा चिप कारखाना पुढे ढकलला आणि नंतर सोडूनच दिला. वाहनउद्योगाच्या पुरवठादारांकडे जाणाऱ्या आपल्या इंजिनिअर मुलामुलींनी हे डोळ्यांपुढे ठेवूनच करार वाचावा. प्रोबेत्साइट, म्हणजे सहसा पहिल्या सहा महिन्यांत, दोन आठवड्यांच्या नोटिशीवर नोकरी जाऊ शकते. ब्लू कार्ड, म्हणजे उच्चशिक्षितांना मिळणारा राहण्याचा आणि कामाचा परवाना, असताना नोकरी गेली तर परदेशी नागरिकांच्या कार्यालयाला ताबडतोब कळवायचं. घाबरून गप्प बसायचं नाही.

आता सरहद्द. ‘शेंगेनमध्ये कुणी विचारत नाही, खुशाल फिरा’ हा आमच्या पिढीचा लाडका सल्ला. तो विसरा. २३ ऑगस्टला झोलिंगेन शहराच्या उत्सवात चाकूहल्ला झाला, तीन माणसं गेली. आधीच तापलेला स्थलांतराचा वाद पेटला आणि १६ सप्टेंबरपासून जर्मनीनं आपल्या सगळ्या जमिनीवरच्या सरहद्दींवर तपासणी सुरू केली. ती सहा महिन्यांसाठी होती, पुढे वाढवली गेली. शनिवार-रविवारी ॲमस्टरडॅम किंवा स्ट्रासबुर्ग गाठणार असाल तर मूळ पासपोर्ट आणि राहण्याच्या परवान्याचं कार्ड दोन्ही जवळ हवं. मोबाइलमधला फोटो चालत नाही. बसमध्ये पोलीस चढले की तुमच्या रंगामुळे तुमच्याकडे आधी येतील, हेही होतं. कागद दाखवायचे, दोन वाक्यं जर्मनमध्ये बोलायची, विषय संपतो.

रंगाचा विषय निघालाच आहे तर राजकारणही सांगतो, कारण ते न समजता इथली माणसं समजत नाहीत. १० जानेवारीला ‘करेक्टिव’ या शोधपत्रकारितेच्या संस्थेनं बातमी दिली की पॉट्सडामजवळ एका बैठकीत एएफडी या स्थलांतरविरोधी उजव्या पक्षाचे काही लोक आणि कडवे उजवे एकत्र बसले आणि परदेशी मुळं असलेल्यांना मोठ्या प्रमाणावर देशाबाहेर घालवण्याची चर्चा झाली. त्यानंतरच्या आठवड्यांत कडाक्याच्या थंडीत लाखो लोक रस्त्यावर उतरले. म्युनिकमध्ये तर गर्दी इतकी झाली की मोर्चा मध्येच थांबवावा लागला. हे एक चित्र. दुसरं चित्र सप्टेंबरचं: पूर्वेकडच्या थुरिंगिया राज्याच्या निवडणुकीत तोच एएफडी ३२.८ टक्के मतं घेऊन पहिला आला. दोन्ही चित्रं खरी आहेत आणि एकाच देशाची आहेत. पूर्वेकडच्या शहरात नोकरी मिळाली म्हणून नाकारू नका. लाइपझिग, येना, ड्रेस्डेनमध्ये आपली माणसं आनंदानं राहतात. पण घर शोधताना वस्तीची चौकशी करा, आणि ती आधीपासून तिथे राहणाऱ्या भारतीयाकडेच करा.

सरकार पडलं ते मात्र स्थलांतरावरून नाही, पैशावरून. वाहतुकीच्या दिव्यासारखे लाल, पिवळा, हिरवा असे तीन पक्ष सत्तेत होते, म्हणून सगळे त्या आघाडीला ‘आम्पेल’ म्हणत. कर्ज किती काढायचं याची मर्यादा जर्मनीनं थेट घटनेत लिहून ठेवलीय. तिचा आधार घेऊन न्यायालयानं आदल्या वर्षी सरकारच्या हातातले ६० अब्ज युरो काढून घेतले होते आणि तेव्हापासून तिघांत धुसफूस चालू होती. ६ नोव्हेंबरच्या रात्री शोल्त्झनी अर्थमंत्री लिंडनर यांना काढलं. त्याच दिवशी सकाळी ट्रम्प जिंकल्याची बातमी आली होती, त्यामुळे तो दिवस इथे कुणी विसरत नाही. १६ डिसेंबरला शोल्त्झनी विश्वासमत गमावलं आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये मुदतपूर्व निवडणूक झाली. सहकारी यावर तावातावानं बोलतील, तुमचं मतही विचारतील. मात्र ‘तुम्ही मत कुणाला दिलं?’ हे आपण विचारायचं नाही. आपल्याकडे चहाच्या टपरीवर चालतं, इथे पगाराचा आकडा विचारल्यासारखं होतं.

रेल्वेबद्दल एकच आकडा पुरे: २०२४ मध्ये लांब पल्ल्याच्या गाड्यांपैकी ६२.५ टक्केच वेळेवर आल्या, आणि तेही सहा मिनिटांच्या आतला उशीर ‘वेळेवर’ धरून. त्या वर्षी जानेवारीत इंजिनचालकांच्या संघटनेचा संप सलग काही दिवस चालला. विमानतळ आणि शहरातल्या बस-ट्रामचे संप वेगळे. शेतकऱ्यांनी डिझेलवरची सवलत जाणार म्हणून ट्रॅक्टर आणून रस्ते अडवले ते आणखी वेगळं. नव्या माणसानं लक्षात ठेवायचं ते असं: संप सहसा आधी जाहीर होतो, आणि संपामुळे कामावर पोचला नाहीत तर ती जबाबदारी कायद्यानं तुमची, कंपनी त्या वेळेचा पगार कापू शकते. म्हणून बातमी दिसताच साहेबांना घरून काम करण्याबद्दल विचारून ठेवा. लांबच्या गाडीला तासभर उशीर झाला तर तिकिटाचे २५ टक्के, दोन तासांना ५० टक्के परत मिळतात. मागितल्याशिवाय मात्र नाही.

डॉइचलांडटिकेट, म्हणजे देशभरच्या लोकल गाड्या आणि बस-ट्रामचा महिन्याचा पास, २०२४ मध्ये ४९ युरोला होतं, २०२५ पासून ५८ झालं आणि पुढे आणखी वाढलं. ते आयसीई-आयसी या लांब पल्ल्याच्या गाड्यांत चालत नाही, आणि बंद करायचं तर त्या महिन्याच्या १० तारखेच्या आत.

फुटबॉल कळत नसला तरी दोन गोष्टी पाठ करा. लेवरकुझेन त्या वर्षी पहिल्यांदाच बुंडेसलिगा जिंकलं, तेही एकही सामना न हरता. आणि युरो स्पर्धा घरच्या मैदानात असून जर्मनी उपांत्यपूर्व फेरीत स्पेनकडून हरली. त्या सामन्यात स्पेनच्या कुकुरेयाच्या हाताला लागलेला चेंडू पेनल्टी होता की नाही, असं नुसतं विचारा. पुढचा अर्धा तास तुम्हाला बोलावं लागणार नाही आणि तुमची जर्मन सुधारेल.

आता घरातलं. १ जुलै २०२४ पासून घरमालकाला केबल टीव्हीचे पैसे भाड्याबरोबरच्या खर्चात धरता येत नाहीत. भाड्याच्या वार्षिक हिशेबात ती ओळ दिसली तर लेखी हरकत घ्या. हा बदल झाला तसे दारोदार केबलचे करार विकणारेही सुटले. ‘इमारतीत सगळ्यांनी घेतलंय, घ्यावंच लागतं’ असं कुणी म्हणालं तर दार लावून घ्या; सही करून बसला असाल तर १४ दिवसांत करार रद्द करता येतो. सरकारी प्रसारणाची दर घरामागे असलेली वर्गणी वेगळी, ती भरावीच लागते.

मे-जूनच्या सुमारास बायर्न आणि बाडेन-व्युर्टेमबेर्गमध्ये मोठे पूर आले. तेव्हा अनेकांना कळलं की घरातल्या सामानाच्या साध्या विम्यात पूर येत नाही, त्यासाठी ‘एलेमेंटार’ हे वेगळं कलम घ्यावं लागतं. तळमजला किंवा तळघर तुमच्याकडे असेल तर ते घ्या.

डॉक्टरची गुलाबी चिठ्ठीही २०२४ च्या सुरुवातीपासून सरकारी विमा असलेल्यांसाठी जवळजवळ गेली. डॉक्टर औषध संगणकावर नोंदवतात, तुम्ही औषधाच्या दुकानात विम्याचं कार्ड यंत्रात घालायचं. विम्याचा हप्ता मात्र वाढला. प्रत्येक कंपनीचा जो जादा वाटा असतो, त्याची सरासरी २०२४ मध्ये १.७ टक्के होती, ती २०२५ साठी २.५ ठरली. दर कंपनीगणिक वेगळे असतात आणि सोयी बऱ्याचशा सारख्याच, तेव्हा आधीच्या भारतीयानं घेतली म्हणून तीच कंपनी घेऊ नका. वाढीचं पत्र साधारण डिसेंबरात येतं. ते जाहिरात समजून टाकू नका: वाढ ज्या महिन्यापासून लागू होते, त्या महिन्याच्या अखेरीपर्यंत तुम्हाला कंपनी बदलायचा खास हक्क असतो, आणि जुन्या कंपनीला कळवायचं काम नवी कंपनीच करते.