हाय-कॉम्प्रेशन इंजिन ठोकू नये म्हणून काय करावं

हेड (सिलिंडरवरचं झाकण) घासून फेस करून किंवा उंच डोक्याचे पिस्टन घालून कॉम्प्रेशन, म्हणजे मिश्रण किती पट दाबलं जातं ते प्रमाण, 9-10 वरून 11-12 वर नेलं, की इंजिन ठोकायला लागण्याची भीती सुरू होते. यावर बहुतेक ठिकाणी एकच औषध मिळतं: टायमिंग मागे घ्या, म्हणजे स्पार्क उशिरा पाडा. आवाज थांबतो खरा, पण ज्या ताकदीसाठी एवढा खर्च केला तीच हातची जाते. शिवाय मिश्रण उशिरापर्यंत जळत राहिल्यानं एक्झॉस्टही जास्त तापतो. माझं मत स्पष्ट आहे. टायमिंगला हात सर्वांत शेवटी लावावा.

आत काय होतं ते आधी समजून घ्या. स्पार्क पडला की ज्योत प्लगपासून सिलिंडरच्या भिंतीकडे सरकत जाते. तिच्या पुढचं न जळलेलं मिश्रण दाबलं जातं आणि तापतं. ज्योत पोचण्याआधीच ते आपोआप भडकलं, तर दाबाची लाट भिंतीवर आदळते. हेच नॉकिंग. उष्णता, दाब आणि वेळ, यांतलं काहीही वाढलं की धोका वाढतो. स्पार्कच्या आधीच एखाद्या लालभडक टोकानं मिश्रण पेटणं हा वेगळा आजार आहे. त्यात पिस्टनला भोक पडायला काही सेकंद पुरतात. नॉकिंगकडे दुर्लक्ष केलं की भाग तापत जातात आणि त्यातून हा दुसरा आजार उद्भवतो.

आधी खात्री करा

रस्त्यावर चौथ्या-पाचव्या गियरमध्ये कमी आरपीएमला पूर्ण थ्रॉटल दिल्यावर पत्र्याच्या डब्यात खडे खुळखुळावेत तसा आवाज आला, तर निदान सोपं आहे. ड्रॅगच्या गाडीत 7000 आरपीएमला हा आवाज एक्झॉस्टखाली दबून जातो. तिथे प्लग बघूनच खरं कळतं. पूर्ण थ्रॉटलवर एक धाव घ्या, क्लच दाबून इंजिन लगेच बंद करा आणि प्लग काढून भिंगाखाली पांढरं पोर्सेलिन बघा. त्यावर मिरपुडीसारखे काळे ठिपके दिसले तर नॉकिंग चालू आहे. चंदेरी चमकदार कण दिसले तर ते पिस्टनचं ॲल्युमिनियम आहे. अशा वेळी गाडी पुढे अजिबात पळवू नका.

नॉक सेन्सर वापरत असाल तर तो सिलिंडरच्या व्यासाप्रमाणे ट्यून करावा लागतो. 86 मिमी बोअरच्या (सिलिंडरच्या व्यासाच्या) इंजिनात नॉकिंगचा मूळ सूर 6.7 किलोहर्ट्झच्या आसपास असतो. बोअर मोठा, तर सूर खाली.

कॉम्प्रेशन मोजा, ऐकीव आकडा धरू नका

कॅटलॉगमधला आकडा आणि लेथवाल्याकडून आलेल्या हेडचा खरा आकडा यांत फरक पडतोच. 86 मिमी बोअर आणि 86 मिमी स्ट्रोकच्या (पिस्टनच्या वर-खाली धावेच्या) इंजिनात एका सिलिंडरची क्षमता 500 सीसीच्या जवळ भरते. 11:1 साठी वर 50 सीसी जागा उरायला हवी. गॅस्केट फक्त अर्ध्या मिलिमीटरनं पातळ घातलं तर जवळजवळ 3 सीसी कमी होतात आणि कॉम्प्रेशन 11.6 वर जातं.

मोजणं अवघड नाही. हेड उलटं ठेवा, व्हॉल्व्ह आणि प्लग बसवा, कडेला ग्रीस लावून भोक पाडलेली ॲक्रिलिकची पट्टी चिकटवा आणि ब्युरेटनं रॉकेल सोडा. हवेचा बुडबुडा राहू देऊ नका. सगळे चेंबर मोजा. एखादा 1-2 सीसीनं लहान निघाला, तर ठोकायला सुरुवात बहुधा तिथूनच होईल.

याच वेळी पिस्टन आणि हेडच्या सपाट भागातलं अंतर तपासा. पिस्टनवर सोल्डरची तार ठेवून हेड घट्ट आवळा, क्रँक हातानं फिरवा आणि चपटी झालेली तार मायक्रोमीटरनं मोजा. स्टीलच्या कनेक्टिंग रॉडला 1 मिमीच्या आसपास अंतर चांगलं. अनेकांचा इथे गैरसमज होतो. नॉकिंगच्या भीतीनं जाड गॅस्केट घातलं आणि हे अंतर दीड-दोन मिमी झालं, तर कॉम्प्रेशन थोडं उतरतं, पण कडेचं मिश्रण मध्यभागी ढकलून घुसळण्याचं काम बंद पडतं. असं इंजिन कमी कॉम्प्रेशनलाही ठोकतं. कॉम्प्रेशन उतरवायचंच असेल तर पिस्टनच्या डोक्यातली किंवा चेंबरमधली जागा वाढवा, हे अंतर वाढवू नका. चेंबरमधल्या धारदार कडाही गोल करून घ्या, त्याच आधी तापून लाल होतात.

पेट्रोल

ऑक्टेन म्हणजे पेट्रोलची नॉकिंगला दाद न देण्याची क्षमता. ती मोजण्याच्या दोन चाचण्या आहेत: आरओएन आणि जास्त कडक असलेली एमओएन. आपल्या पंपावरचा ऑक्टेनचा आकडा आरओएन असतो. अमेरिकेतल्या पंपावर आरओएन आणि एमओएन यांची सरासरी लिहिलेली असते. म्हणून तिकडच्या बिल्डरनं 93 ऑक्टेनवर 11.5:1 चालवलं असं सांगितलं, तर ते पेट्रोल आपल्या हिशेबात 97-98 चं आहे. हा फरक न कळल्यामुळे भलताच आकडा धरला जातो.

ई20 (20 टक्के इथेनॉल मिसळलेल्या) पेट्रोलसाठी भारतीय मानकात किमान 95 आरओएन आहे. इंडियन ऑइलचं 100 ऑक्टेनचं एक्सपी 100 डिसेंबर 2020 मध्ये बाजारात आलं. 11 च्या वर कॉम्प्रेशन असेल आणि गाडी रोज वापरायची असेल, तर 100 ऑक्टेन नेहमी कुठे मिळणार हे आधी ठरवा आणि मगच पिस्टन मागवा. इथेनॉल नॉकिंगविरुद्ध उत्तम आहे, कारण त्याचा ऑक्टेनही जास्त आणि बाष्प होताना ते हवा थंडही करतं. पण तेवढ्याच हवेला ते पेट्रोलपेक्षा जास्त लागतं. इंजेक्टर आणि पंप कमी पडले तर मिश्रण पातळ होऊन उलटाच परिणाम होतो. बाटलीतल्या ऑक्टेन बूस्टरवर भरवसा ठेवू नका. शिसं असलेलं विमानाचं पेट्रोल रस्त्याच्या गाडीत घालू नका, ऑक्सिजन सेन्सर आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर दोन्ही जातात.

उष्णता

हवा रेडिएटरच्या मागून घेऊ नका, बंपरच्या बाजूनं थंड हवा आणा. कूलंट भरताना हेडमध्ये हवा अडकू देऊ नका. क्रँककेसचा धूर इनटेकमध्ये जात असेल तर मध्ये कॅच कॅन (ऑइल अडवणारा डबा) बसवा, कारण ऑइलची वाफ मिश्रणाचा ऑक्टेन खाली आणते. जुन्या इंजिनात कार्बनचा थर साचलेला असतो. तो कॉम्प्रेशनही वाढवतो आणि उष्णताही धरून ठेवतो.

प्लग एक नंबर थंड, म्हणजे स्वतःची उष्णता लवकर हेडमध्ये सोडणारा घ्या. एनजीके आणि डेन्सोमध्ये मोठा आकडा म्हणजे थंड प्लग, बॉशमध्ये नेमकं उलटं.

पाणी आणि मिथेनॉलचा फवारा हा जुना आणि चांगला उपाय आहे. 1962 च्या ओल्डस्मोबिल जेटफायरमध्ये 10.25:1 कॉम्प्रेशनवर टर्बो बसवलेला होता आणि नॉकिंग आवरायला हाच फवारा होता. टाकी रिकामी झाल्यावर बूस्ट (टर्बोचा जादा दाब) कमी करण्याची सोयही त्यात होती. तुम्ही फवारा बसवलात तर अशी सोय हवीच.

मिश्रण आणि मग टायमिंग

एक्झॉस्टमध्ये वाइडबँड सेन्सर लावा. तो लॅम्डा दाखवतो: 1 म्हणजे हवा आणि इंधन नेमकं जुळलेलं, 1 पेक्षा कमी म्हणजे इंधन जास्त. टर्बो नसलेल्या इंजिनाला पूर्ण थ्रॉटलवर लॅम्डा 0.86 ते 0.88 ठेवा. ई20 वर पेट्रोलचे हवा-इंधन प्रमाणाचे आकडे लागू होत नाहीत, म्हणून लॅम्डाच बघा.

टायमिंग लाइट लावण्याआधी पिस्टन स्टॉपनं (प्लगच्या भोकात बसवायच्या अडणीनं) खरा टीडीसी, म्हणजे पिस्टनचं सर्वांत वरचं स्थान शोधा. पुलीतलं रबर सरकलं असेल तर खूण खोटी निघते आणि पुढचं सगळंच चुकतं. मग डायनोवर (ताकद मोजण्याच्या यंत्रावर) अंदाजापेक्षा 4-5 अंश कमी टायमिंगनं सुरुवात करा आणि एकेक अंश वाढवा. टॉर्क वाढायचा थांबला की तुम्हीही थांबा, नॉकिंग ऐकू येईपर्यंत वाट बघू नका. रस्त्याच्या गाडीसाठी तिथून 2 अंश मागे या.

महाराष्ट्रात राहणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. पुणं समुद्रसपाटीपासून सुमारे 560 मीटरवर आहे आणि तिथे हवेचा दाब मुंबईपेक्षा 6-7 टक्के कमी असतो. पुण्यात अगदी काठावर बसवलेलं टायमिंग घाट उतरून मुंबईला किंवा गोव्याला गेलं की ठोकायला लागतं. मुंबईत केलेलं ट्यूनिंग पुण्यात सहसा सुरक्षित राहतं. जानेवारीत केलेल्या ट्यूनिंगला एप्रिलमध्ये हीच परीक्षा असते.

चालवताना

हाय-कॉम्प्रेशन गाडी वरच्या गियरमध्ये रेटू नका. आरपीएम कमी असला की मिश्रणाला भडकायला वेळ मिळतो, म्हणून चढावर आधी गियर खाली घ्या. लोणावळ्याजवळच्या ॲम्बी व्हॅलीसारख्या धावपट्टीवर ड्रॅग करणार असाल, तर रांगेत इंजिन चालू ठेवून उभं राहू नका. बॉनेट उघडा, गाडी ढकलत पुढे न्या, इनटेकवर ओला कपडा ठेवा आणि स्टेजिंगला, म्हणजे सुरुवातीच्या रेषेवर जाण्याआधी तो काढला आहे ना, ते बघा. पहिली धाव 2-3 अंश कमी टायमिंगवर घ्या. प्लग काढून बघा. पोर्सेलिन स्वच्छ असेल तरच पुढच्या धावेला अंश वाढवा.