रंकाळा राखायचा तर आधी नाले पाहा

रंकाळ्याच्या काठावर सकाळी फिरायला येणारे आणि संध्याकाळी चौपाटीवर भेळ खायला जमणारे लोक पाहिले की, कोल्हापूरकरांचा या तलावावर किती जीव आहे हे वेगळे सांगावे लागत नाही. तरीही पाणी हिरवे पडून दुर्गंधी सुटली की काठावरचा कचरा उचलण्याची मोहीम निघते आणि थोड्याच दिवसांत सारे पूर्वपदावर येते, कारण ते पाणी वरच्या वस्त्यांतूनच बिघडून आलेले असते. म्हणून तलावाच्या राखणीसाठी गट उभा करणाऱ्या नागरिकांनी पहिले वर्ष पाणलोट क्षेत्र समजून घेण्यात घालवावे, असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते.

सुरुवातीला उपग्रह नकाशावर तलावाकडे उतरणारे ओढे, गटारी आणि रस्त्यांचे उतार खुणा करून घ्यावेत. त्यानंतर परिसरातील जुन्या रहिवाशांना सोबत घेऊन प्रत्येक ओढ्याच्या काठाने वरपर्यंत चालत जावे, कारण बुजवलेले किंवा इमारतींखालून वळवलेले प्रवाह नकाशावर दिसत नाहीत. ही फेरी वर्षातून दोनदा करावी. पहिल्या मोठ्या पावसात कोणत्या रस्त्यावरचे तेल, माती आणि प्लास्टिक तलावात उतरते ते कळते, तर एप्रिल-मे महिन्यांतील फेरी त्याहूनही अधिक सांगून जाते. महिनाभर पाऊस नसताना एखादा नाला वाहत असेल, तर ते पाणी झऱ्याचे, फुटलेल्या जलवाहिनीचे किंवा सांडपाण्याचे असणार. करडा रंग, साबणाचा फेस आणि वास यांवरून बहुधा जागेवरच निर्णय होतो. श्याम सोसायटी आणि देशमुख हॉल परिसरातील नाल्यांतून रंकाळ्यात सांडपाणी मिसळत असल्याच्या तक्रारी कोल्हापुरात वर्षानुवर्षे होत आल्या आहेत, यावरून हा प्रश्न किती चिवट आहे याची कल्पना यावी.

अशा प्रत्येक नाल्याची स्वतंत्र नोंद ठेवावी: मुखाचे ठिकाण, तारीख-वेळ असलेली छायाचित्रे आणि वर कोणत्या ठिकाणी सांडपाणी मिसळते त्याचे वर्णन. ‘तलाव प्रदूषित झाला आहे’ अशा मोघम अर्जाला मोघमच उत्तर मिळते. मात्र अमुक गल्लीतील इतकी घरे ड्रेनेज लाइनला जोडलेली नाहीत, असे लिहून महापालिकेकडे अर्ज केला आणि त्याची प्रत प्रदूषण नियंत्रण मंडळाला दिली, की टोलवाटोलवी करणे कठीण होते. नाला अडवून सांडपाणी प्रक्रिया केंद्राकडे वळवण्याची योजना मंजूर असेल, तर माहितीचा अधिकार अधिनियम, 2005 अन्वये तिचा नकाशा, कामाचा आदेश आणि पंप चालू-बंद असल्याच्या नोंदी मागवाव्यात, कारण बांधलेली यंत्रणा विजेअभावी किंवा देखभालीअभावी बंद पडून राहणे हे फार वेळा घडते. वरच्या वस्तीतील लोकांना मात्र आरोपी समजू नये. त्यांच्याच गल्लीत बैठक घ्यावी आणि जोडणीच्या मागणीवर पहिल्या सह्या त्यांच्याच असाव्यात.

पाण्याची पाहणी महागड्या उपकरणांविना होऊ शकते. सुमारे 20 सेंटिमीटर व्यासाची, काळे-पांढरे पाव भाग रंगवलेली चकती वजन बांधून दोरीने सोडावी. दोरीला दर 10 सेंटिमीटरला गाठ किंवा खूण असावी. दुपारी, होडीच्या सावलीच्या बाजूने, चकती दिसेनाशी होते ती आणि वर ओढताना पुन्हा दिसू लागते ती अशी दोन्ही अंतरे मोजून त्यांची सरासरी काढावी. ठरावीक जागी, दर महिन्याला, शक्यतो त्याच व्यक्तीने हे मोजले, तर वर्षभरात पाणी केव्हा आणि किती गढूळ होते याची तक्ताबद्ध साक्ष हाती येते. त्याच वहीत पाण्याचा रंग, वास, पक्षी आणि मेलेले मासे यांचीही नोंद व्हावी.

सांडपाण्यातील आणि डिटर्जंटमधील फॉस्फरसावर हिरवे-निळे शेवाळ पोसले जाते. ते तरंगत असल्याने वारा त्याला एका काठाला लोटतो आणि तेथे पाण्यावर रंग ओतल्यासारखा थर दिसतो. त्याच्या काही जाती विष तयार करतात, त्यामुळे अशा वेळी पोहणे थांबवावे, जनावरांना पाणी पाजू नये आणि लगेच सूचनाफलक लावावा. रात्री शेवाळही प्राणवायू वापरते, म्हणून मासे बहुधा पहाटे मरतात. मोरचूद किंवा बाजारात विकली जाणारी ‘पाणी शुद्ध करणारी’ द्रावणे गटाने स्वतःहून कधीही टाकू नयेत. शेवाळ एकदम मेले, तर ते कुजताना उरलासुरला प्राणवायूही संपतो आणि पेशींतील विष पाण्यात मिसळते.

जलपर्णी फुलांवर येण्यापूर्वी काढावी आणि काठावर कुजत न ठेवता दूर नेऊन खत करावे, अन्यथा तिच्यातील पोषकद्रव्ये पावसाबरोबर परत तलावात येतात. काठ संपूर्ण काँक्रीटचा करण्याच्या प्रस्तावाला विरोध करावा. उथळ भागात पाणकणीस, लव्हाळा, वाळा असू द्यावेत, कारण ते गाळ अडवतात आणि पक्ष्यांना आसरा देतात. गणेशोत्सवात रंकाळ्याऐवजी इराणी खणीत विसर्जन करण्याची जी व्यवस्था कोल्हापुरात रुळली आहे, तिच्या धर्तीवर पर्यायी जागा आणि निर्माल्य कुंडे यांचे नियोजन मंडळांशी बोलून आधीच करावे. गाड्या आणि जनावरे धुणे, तसेच माशांना पाव-चुरमुरे घालणे थांबवण्यासाठी रविवारी संध्याकाळी काठावर माणूस उभा करून समजावणे, फलकापेक्षा अधिक उपयोगी पडते.

सांडपाणी पूर्ण थांबल्यावरही तळाच्या गाळात साठलेला फॉस्फरस बरीच वर्षे वर येत राहतो, ही गोष्ट गटातील प्रत्येकाला पहिल्याच बैठकीत सांगावी. चकतीची नोंद दोन-तीन वर्षे हलली नाही म्हणून काम सोडू नये. त्या काळात उन्हाळी फेरीत कोरडे आढळलेले नाले किती वाढले, हे मोजावे.