पीओ (पर्चेस ऑर्डर, म्हणजे गिऱ्हाईकाची लेखी ऑर्डर) येईपर्यंत मशीन चालू करू नका

भोसरीत माझं फॅब्रिकेशनचं छोटं युनिट आहे. मी वकील नाही, पण पैसे अडकवून घेऊन घेऊन जे कळलं ते लिहितोय, मोठ्या रकमेचा व्यवहार असेल तर वकिलाला दाखवाच.

एका पार्टीने फोनवर सांगितलं, तीन चाळीसला फायनल दादा, उद्यापासून घ्या कामाला. मी घेतलं. बिल लावलं ३,४०,००० अधिक १८ टक्के जीएसटी, म्हणजे वरचे ६१,२००, तर तिकडून उत्तर की तीन चाळीस म्हणजे सगळं धरून बोललो होतो. कागद कुठेच नाही. शेवटी अर्ध्या अर्ध्यावर मिटवलं, माझे ३०,६०० गेले.

तोंडी करार कायद्याने चालतो हो, १८७२च्या कॉन्ट्रॅक्ट ॲक्टला तो मान्य आहे, पण कोण काय बोललं ते सिद्ध कसं करणार? म्हणून आता फोन ठेवला की लगेच मेसेज टाकतो: "साहेब, आत्ता बोलल्याप्रमाणे १२ रॅक, ड्रॉइंग रेव्हिजन २, ३,४०,००० अधिक जीएसटी वेगळा, ट्रान्सपोर्ट तुमचं, ४० टक्के ॲडव्हान्स, बाकी डिलिव्हरीपासून ३० दिवसात. बरोबर असेल तर ओके लिहा." नुसता अंगठा आला तर परत विचारा, ओके लिहूनच घ्या. आणि ते चॅट डिलीट करू नका, मोबाईल बदलला तरी जुना जपून ठेवा, कोर्टात नुसता स्क्रीनशॉट दाखवून भागत नाही, त्याच्यासोबत सर्टिफिकेट लागतं.

पीओ आला की मागची बारीक अक्षरं वाचा. लेट झाला तर आठवड्याला इतके टक्के कट, असं हमखास असतं. ते काढा म्हटलं तर मोठी कंपनी ऐकत नाही, पण दिवस मोजायचे ते ड्रॉइंग अप्रूव्ह झाल्यावर आणि ॲडव्हान्स खात्यात आल्यावर, एवढी एक ओळ टाकून घेता येते. आमचे निम्मे लेट त्यांच्याच ड्रॉइंगमुळे असतात. पीओवरचं नाव आणि जीएसटी नंबर पोर्टलवर जुळतोय का तेही बघा, फोनवर बोलणारा एक आणि बिल भलत्याच फर्मच्या नावाने असं होतं.

आता ४५ दिवसांत पैसे मिळण्याच्या नियमाचं. तुमचा धंदा सरकारच्या मायक्रो किंवा स्मॉल उद्योगात बसत असेल आणि माल बनवत असाल किंवा सर्व्हिस देत असाल तर उद्यम रजिस्ट्रेशन (अशा छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) काम घ्यायच्या आधी काढून ठेवा, फुकट आहे, एजंटला पैसे देऊ नका. २००६च्या एमएसएमईडी कायद्याप्रमाणे लेखी मुदत ठरली असेल तरी ती ४५ दिवसांच्या वर जात नाही, ठरली नसेल तर १५ दिवस. त्यानंतर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने व्याज, तेही दर महिन्याला चक्रवाढ. पण हे दिवस सुरू कधी होतात? माल पोचला त्या दिवसापासून, आणि पोचल्यावर १५ दिवसात समोरच्याने लेखी तक्रार केली तर ती मिटल्यापासून. म्हणजे सगळा खेळ डिलिव्हरी चलनावर, मालासोबत जाणाऱ्या कागदावर. गेटवरच्या वॉचमनची सही कुणी धरत नाही, स्टोअरचा इनवर्ड (माल आत आल्याचा) शिक्का आणि तारीख मारून घेतल्याशिवाय टेम्पो हलवायचा नाही असं मी ड्रायव्हरला सांगून ठेवलंय, तो वैतागतो, वैतागू दे.

भागीदारी फर्म असेल तर ती रजिस्टर करा. नाहीतर १९३२च्या कायद्याच्या कलम ६९ मुळे करारातल्या वसुलीसाठी फर्मला गिऱ्हाईकावर दावाच लावता येत नाही. हे बऱ्याच जणांना नोटीस पाठवायच्या वेळी कळतं.

चेक घेतला असेल तर तो तारखेपासून ३ महिन्यातच टाका. बाउन्स झाला की बँकेचा मेमो आल्यापासून ३० दिवसात नोटीस गेली पाहिजे, तिथे "दोन दिवसात करतो दादा" वर बसू नका. बाकी उधारीच्या दाव्याला साधारण ३ वर्षं असतात, जुनी पार्टी असेल तर दर मार्चला बाकी कबूल असल्याचं सही शिक्क्याचं पत्र घ्या, ३ वर्षं संपायच्या आत सही झाली तर मुदत तिथून नव्याने मोजतात.

आणि स्टॅम्प पेपर आधीच आणून कपाटात साठवू नका. महाराष्ट्रात तो घेतल्यापासून ६ महिन्यात वापरायचा असतो, आणि तो करारातल्याच कुणाच्या तरी नावावर लागतो, मेव्हण्याच्या नावावरचा उचलून चालत नाही.