ओलीच्या खोलीत विनियरचं कपाट करताय? मग आधी आतल्या बोर्डाचं बघा

आमच्याकडे बाथरूममध्ये बेसिनखाली सागाच्या विनियरचं (म्हणजे बोर्डावर चिकटवलेला खऱ्या लाकडाचा पातळ पापुद्रा) कपाट केलं होतं, दुकानदार म्हणाला ओलीचं टेन्शन घेऊ नका आणि साधं एमडीएफ (लाकडाचे बारीक तंतू दाबून केलेला बोर्ड) दिलं, आणि मी पण घेतलं. कोकणातला एक पावसाळा झाला नि दाराची खालची कड दुधात बुडवलेल्या पावासारखी फुगली. गंमत म्हणजे समोरून विनियर छान होतं, फक्त कडेला नखाने उचललं तर सालीसारखं सुटत होतं. म्हणजे पाणी समोरून शिरतच नाही, कडेतून आणि पाठीमागून शिरतं.

तर आधी जागा बघा. नुसती दमट हवा असेल तर बीडब्ल्यूआर (उकळत्या पाण्याला बऱ्यापैकी तोंड देणारा) प्लाय चालतो, पण बेसिन किंवा सिंकखाली बीडब्ल्यूपीच (उकळत्या पाण्यातही टिकणारा) घ्या, ज्याला सगळे मरीन म्हणतात. एमआर ग्रेड (फक्त दमटपणा सोसणारा साधा प्लाय) बाथरूममध्ये नकोच, त्यातला युरिया फॉर्मल्डिहाइडचा गोंद पाण्यात हळूहळू सुटतो, बीडब्ल्यूपीतला फिनॉलवाला टिकतो.

आता खरं-खोटं ओळखायचं कसं? शीटवर नुसतं 'मरीन' छापलंय म्हणून भुलू नका. आयएसआय मार्क, ७१० हा आकडा (मरीन प्लायच्या भारतीय मानकाचा, आयएस ७१०) आणि लायसन्स नंबर बघा, तो नंबर बीआयएस केअर या सरकारी ॲपवर टाकून तिथेच तपासता येतो. कडेला गोंदाच्या काळपट रेघा दिसल्या की लोक खूश होतात, पण गोंदात रंग टाकूनही त्या काळ्या करता येतात. त्यापेक्षा दुकानातून एक तुकडा मागून घ्या आणि जुन्या पातेल्यात पाच-सहा तास उकळा (घरचे ओरडतील, वास येतो). खरी टेस्ट ७२ तासांची असते, पण फसवा माल बऱ्याचदा एवढ्यातच थर सोडतो.

डब्ल्यूपीसीला (लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक मिसळून केलेला बोर्ड) पाण्याने काही होत नाही हे खरं, पण त्यावर सुताराचा नेहमीचा पांढरा फेविकॉल नीट धरत नाही, रबर बेसचा गोंद लागतो, आणि लांब फळी वजनाने मधे झुकते. मी तो फक्त सिंकखालच्या खोक्याला वापरेन, विनियरशिवाय. एचडीएचएमआर (जास्त घट्ट दाबलेला, ओल सोसणारा तंतूंचा बोर्ड) साध्या एमडीएफपेक्षा बरं, तरी पाणी साचतं तिथे नको.

उंच दारांना प्लायपेक्षा त्याच ग्रेडचा ब्लॉकबोर्ड (आत लाकडाच्या पट्ट्या, वरून पातळ थर) घ्या, कमी वाकतो. आणि दाराला एकाच बाजूने विनियर लावून मोकळं होऊ नका, आतून पण तेवढ्याच जाडीचं काहीतरी हवं, नाहीतर दार धनुष्यासारखं वाकतं. बरेच मिस्त्री इथे आतून नुसता रंग मारून पैसे वाचवतात, तेव्हा आधीच बोलून घ्या.

कडांना टेप नको, सागाची पट्टी मारून घ्या आणि पॉलिश पाठीला, खालच्या कडेला, बिजागरीच्या खळग्यातही मारायला लावा. कपाट जमिनीपासून चार इंच उचलून पीव्हीसी पायांवर, भिंतीपासून अर्धा इंच लांब.

राहिलं पाइपचं भोक. प्लंबर शेवटच्या दिवशी येतो आणि पॉलिश झालेल्या पाठीला ड्रिल मारून जातो, आतला कोरा प्लाय उघडाच राहतो. म्हणून पॉलिशवाल्याकडून थोडं पॉलिश डब्यात ठेवून घ्या आणि प्लंबर गेल्यावर ब्रशने त्या भोकाच्या कडेला स्वतः दोन हात मारा.