डिरेक्टरीच्या टीममध्ये नव्याने येताय?

हेल्पडेस्कवर पासवर्ड रिसेट करता करताच बरेच जण ॲक्टिव्ह डिरेक्टरीकडे, म्हणजे कंपनीतली अकाउंट, मशिन आणि अधिकार सांभाळणाऱ्या मायक्रोसॉफ्टच्या यंत्रणेकडे, वळतात. मीही तिथूनच आले. युजर बनवणं, ग्रुपमध्ये टाकणं, लॉक झालेलं अकाउंट उघडणं, हे लवकर हातात बसतं. हजारो माणसांच्या कंपनीत मात्र एकच गोष्ट सतत शोधावी लागते: कोणाचा अधिकार कोणावर चालतो.

ओयूची (ऑर्गनायझेशनल युनिट, म्हणजे अकाउंट आणि मशिन ठेवायचे कप्पे) मांडणी बघा. नवीन माणूस कंपनीचा तक्ता समोर ठेवून एचआर, फायनान्स, सेल्स असं झाड काढतो. मग विभाग एकत्र होतात, नावं बदलतात आणि झाड तसंच राहतं. ओयू लागतात त्या अधिकार सोपवायला आणि ग्रुप पॉलिसी, म्हणजे एकगठ्ठा लागू होणारी सेटिंग्ज, लावायला. बाकी बहुतेक कामं ग्रुपने भागतात. आणि डोमेन (एकत्र सांभाळलेली अकाउंट आणि मशिन) वेगळं केलं म्हणजे सुरक्षित झालं, असं समजू नका; सुरक्षेची खरी हद्द फॉरेस्टची, म्हणजे एकत्र जोडलेल्या सगळ्या डोमेनच्या समूहाची.

सर्वांत जास्त वेळ द्या सर्व्हिस अकाउंटना, म्हणजे माणसं नाही तर प्रोग्रॅम ज्यांवर चालतात त्या अकाउंटना. एसक्यूएल सर्व्हर बसवताना काहीतरी अडलं म्हणून कुणीतरी त्या सर्व्हरच्या अकाउंटला डोमेन ॲडमिन (अख्ख्या डोमेनवर पूर्ण अधिकार) केलेलं असतं, ‘पासवर्ड नेव्हर एक्स्पायर्स’वर टिक असते, आणि तो माणूस केव्हाच नोकरी सोडून गेलेला असतो. डोमेनमधला कोणताही साधा युजर त्या सर्व्हिससाठी कर्बेरोसचं, म्हणजे डोमेनमध्ये ओळख पटवणाऱ्या पद्धतीचं, तिकीट मागू शकतो. तिकिटाचा एक भाग त्या अकाउंटच्या पासवर्डवरून बनलेल्या किल्लीने बंद केलेला असतो. ते तिकीट स्वतःच्या मशिनवर नेऊन पासवर्डचा अंदाज निवांत लावत बसता येतं. चुकीचा लॉगिन कुठेच होत नाही, त्यामुळे लॉकआउट पॉलिसीचा काही उपयोग नाही. डोमेन कंट्रोलरच्या (लॉगिन तपासून तिकिटं देणाऱ्या सर्व्हरच्या) लॉगमध्ये दिसतो तो फक्त ४७६९ हा, तिकीट मागितल्याचा, इव्हेंट, आणि तो तर दिवसभर पडतच असतो. उपाय म्हणजे ग्रुप मॅनेज्ड सर्व्हिस अकाउंट: लांबलचक पासवर्ड, दर ३० दिवसांनी आपोआप बदलणारा. जुनं ॲप्लिकेशन हे मानत नसेल, तर निदान २५ अक्षरांहून मोठा पासवर्ड ठेवा आणि ते अकाउंट डोमेन ॲडमिन्समधून काढा. काढताना ॲप्लिकेशनवाले भांडतात, हे गृहीत धरा.

डोमेन ॲडमिनचं अकाउंट साध्या लॅपटॉपवर वापरायचं नाही. का, ते लॅबमध्ये एलसॅस या, विंडोजमध्ये लॉगिन सांभाळणाऱ्या, प्रोसेसच्या मेमरीत काय उरतं ते पाहिलंत की कळेल.

बॅकअपचा विषय लोकांना रटाळ वाटतो. २०१७ मध्ये नॉटपेट्या या मालवेअरने मर्स्क या जहाज कंपनीचे डोमेन कंट्रोलर पुसून टाकले. घानामधला एक वाचला, कारण तेव्हा तिथली वीज गेली होती; त्याच्यावरूनच सगळं परत उभं करावं लागलं. म्हणून लॅबमध्ये दोन डोमेन कंट्रोलर उभे करा, बॅकअप घ्या, दोन्ही उडवा आणि अख्खं फॉरेस्ट परत आणून दाखवा.

मुलाखतीत मी हमखास विचारते: हल्ल्यानंतर केआरबीटीजीटी अकाउंटचा (ज्याच्या किल्लीने लॉगिनची कर्बेरोस तिकिटं बनतात) पासवर्ड दोनदा का बदलायचा? कारण आधीचा पासवर्डही चालत राहतो; एकदाच बदललात तर चोरलेल्या किल्लीने बनवलेली तिकिटं जिवंत राहतात. दोन्ही बदल लागोपाठ केलेत, तर चांगली तिकिटंही बाद होतात. म्हणून मध्ये निदान तिकिटाच्या मुदतीइतकं, म्हणजे एरवी १० तास, थांबायचं.