नव्या घरात डाउनलोड रखडतंय? आधी हे तपासा

इथे परदेशात नवीन आलेल्यांची ठरलेली तक्रार: "प्लॅन १०० चा घेतला आणि फाइल १२ च्या वेगाने उतरतेय." यात फसवणूक नाही. कंपनी वेग मेगाबिटमध्ये सांगते, ब्राउझर मेगाबाइटमध्ये दाखवतो, आणि ८ बिट मिळून १ बाइट होतो. १०० मेगाबिटला सेकंदाला १२.५ मेगाबाइट ही कमाल मर्यादा, त्यामुळे १० जीबीच्या फाइलला पाव तास धराच. आकडा २-३ वरच घुटमळत असेल, तर मात्र शोध घ्यायला हवा.

सगळ्यात आधी लॅपटॉप केबलने थेट राउटरला जोडून बघा. कंपनीला फोन लावण्याआधी हे केलंच पाहिजे, कारण दोष वायफायचा की लाइनचा हे त्यातूनच कळतं. केबलवर वेग पूर्ण मिळाला तर लाइन ठीक आहे. केबल मात्र धड हवी. गिगाबिटसाठी तिच्या आठही तारा लागतात. एखादी तुटलेली असली तर जोडणी बऱ्याचदा गुपचूप १०० मेगाबिटवर उतरते, आणि कोणताही इशारा येत नाही.

वायफायवर ५ गिगाहर्ट्झचं नेटवर्क दिसत असेल तर तेच निवडा. २.४ गिगाहर्ट्झचा पल्ला जास्त, पण त्याच पट्ट्यात शेजाऱ्यांचे राउटर, ब्लूटूथ आणि मायक्रोवेव्ह अशी सगळी गर्दी असते. राउटर कपाटात कोंबून ठेवायची हौस अनेक घरमालकांना असते. परवानगी घेऊन तो बाहेर, जरा उंचावर ठेवा.

आता सामायिक घराची गोष्ट. कोण सिनेमा बघतंय हे सगळे विचारतात, कोणाचा फोन फोटोंचा बॅकअप घेतोय हे कोणी विचारत नाही. नवीन आलेल्यांचे फोन तर दिवसभर फोटो क्लाउडवर चढवत असतात. अपलोडची वाट तुंबली की डाउनलोडही अडतं, कारण आलेल्या माहितीची पोच तुमचा संगणक त्याच वाटेने पाठवतो. बॅकअप रात्रीवर टाका किंवा त्याला वेगाची मर्यादा घाला. स्वतःच्या विंडोजमध्ये टास्क मॅनेजर उघडून नेटवर्कच्या रकान्यावर क्लिक करा, म्हणजे नेट खाणारा प्रोग्रॅम वर येईल. बऱ्याचदा कसलातरी अपडेटच निघतो.

स्पीड टेस्ट झकास, पण एकच साइट रेंगाळते? टेस्ट सहसा जवळच्या सर्व्हरशी होते आणि तुमची फाइल कदाचित मायदेशातून येत असते. पोचपावत्यांना तेवढा फेरा पडतो, शिवाय मधल्या वाटेवर माहितीचं एखादं पाकीट (पॅकेट) हरवलं तर वेग सावरायला वेळ लागतो. जवळचा मिरर (त्याच फाइलची प्रत ठेवणारा दुसरा सर्व्हर) असेल तर तो घ्या. नसेल तर फाइलचे तुकडे करून एकाच वेळी उतरवणारा डाउनलोड मॅनेजर वापरा. मायदेशातले कार्यक्रम बघायला चालू केलेलं व्हीपीएन (तुमचं नेट दुसऱ्या सर्व्हरमार्गे फिरवणारी सेवा) तेवढ्यापुरतं बंद करा.

थेट पेनड्राइव्हवर उतरवताना डाउनलोड ४ जीबीच्या आसपास दर वेळी तुटत असेल, तर नेटला दोष देऊ नका. पेनड्राइव्ह फॅट३२ या जुन्या पद्धतीने फॉरमॅट केलेला असेल, आणि त्यात ४ जीबीची किंवा त्याहून मोठी फाइल मावत नाही. फाइल आधी संगणकावर उतरवा.

एवढं करूनही केबलवर वेग कमीच राहिला, तर सकाळी, दुपारी आणि रात्री टेस्ट करून तिन्हींचे स्क्रीनशॉट वेळेसकट ठेवा. फक्त रात्रीच वेग पडत असेल तर परिसरातल्या लाइनवर गर्दी असण्याची शक्यता जास्त. तक्रार करताना "केबलवर तपासलंय" हे पहिल्याच वाक्यात सांगा, नाहीतर अर्धा तास राउटर बंद-चालू करण्यात जाईल.